एकास वीस

हरिपूरला जाताना कटर, स्टीलची पट्टी, फोमबोर्ड
सगळं सॅकमध्ये घेतलं होतं.
दस्तगीरचाचांनी सॅककडे बघितलं, मग माझ्या नखांकडे.
"माती मळाय आलीस का आपरेशन कराय?"

पेव बघायचं होतं.
जमिनीच्या पोटातलं हळदीचं कोठार; वर काहीच नाही,
एक फरशी, वाळकं गवत, एक शेळी.
प्लॅनमध्ये काढलं तर लहानसं वर्तुळ.
एलिव्हेशनला काढण्यासारखं काही नव्हतं.
मी शेळी काढली.

फरशी सरकवली तरी चाचा उतरू देईनात.
दोरीला कंदील बांधून खाली सोडला.
"ह्यो इझला तर माणूस बी इझतंय," म्हणाले
आणि बिडी तोंडात धरून बसले, न पेटवता.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
पंचवीस फूट खाली
ज्योत एवढीशी, पिवळी, हललीसुद्धा नाही.

आत उतरले तेव्हा आभाळ रुपयाएवढं झालं.
भिंतीला हात लावला. गार. कोरडी.
ज्यानं सारवली त्याचा पंजा माझ्यापेक्षा मोठा,
करंगळी अर्धी.
पुराच्या सालापासून रिकामं आहे म्हणे,
वास अजून गेलेला नाही.
टेप धरली, पण भिंत सारखी मागे सरकायची,
गाडग्याच्या पोटासारखी.

सरांनी सांगितलेलं, एकास वीस.
म्हणजे उंची अडतीस सेंटिमीटर, तोंड साडेचार.
पण रिकाम्या जागेचं मॉडेल
कशाचं करायचं?
फोमबोर्डच्या चकत्या एकावर एक चिकटवल्या.
"बड्डेचा केक," सिद्राम म्हणाला.
दिला टाकून.
मातीचं केलं. तूस कमी पडला, तडकलं.
पुन्हा केलं. पाणी जास्त झालं,
रात्रीत हळूच खाली बसलं,
म्हातारी उंबऱ्यावर बसते तसं.

तिसऱ्यांदा चाचांच्या अंगणात.
त्यांनी चिखल जिभेला लावला, थुंकले.
"हिला अजून दोन दीस निजू दे."
मातीला झोप लागते
हे सिलॅबसमध्ये नव्हतं.

उभं राहिलं शेवटी. आतून मात्र खडबडीत,
आणि माझा हात तोंडातून जाईना.
अंगठा मुडपून बघितला, खोबरेल लावून बघितलं.
मग अल्फिया आली, चाचांची नात, बालवाडीतली.
फ्रॉकची बाही वर करून
खांद्यापर्यंत हात आत घातला,
डोळे मिटून, जीभ बाहेर काढून
गोल गोल सारवत राहिली.
"काय लागतंय गं?"
"आंधार," ती म्हणाली. "मऊ हाय."

ज्युरीला पुण्याचे एक सर होते.
"मधून कापायला हवं होतं. सेक्शन दिसला असता."
सेक्शन शीटवर आहे, म्हटलं.
आत एका पोरीची बोटं आहेत
हे सांगता आलं नाही.
त्यांनी एक डोळा मिटून आत बघितलं. काही दिसेना.
उठता उठता नाक तोंडाशी गेलं असावं,
ते थांबले.
तळाला मी चिमूटभर हळद सोडली होती.
वहीत काहीतरी लिहिलं.
एकसष्ट मार्क.

हरिपूर रस्त्याला आता प्लॉटिंगचं पेव फुटलंय.
हे वाक्य पेपरात वाचलं
आणि लिहिणाऱ्याला बोलवून
दोरीनं आत उतरवावंसं वाटलं.
चाचांच्या शेजारचं एक, मुरूम टाकून बुजवलंय.
वर दोन चारचाकी उभ्या असतात.

घरी आईनं माझा हात उलटा करून बघितला.
"पाच वर्षं शिकून चिखलच का?"
मग नखं बघून, जरा हळू,
"आणि ही हळद कुणाची?"

मी मोरीत गेले. दिवा लावला.
साबण हातात घेऊन
उगाच थोडा वेळ थांबले,
तो विझतोय का बघत.